यकृताचा विकार, प्रवास आणि भीड

आपल्याकडे यकृताच्या जुनाट विकाराचे नाव रुग्णाच्या तोंडी क्वचितच धड असते. सिरॉसिस या शब्दाचे रूपांतर करून, आपणांस 'लिव्हर सोरायसिस' झाला असल्याचे पूर्ण गांभीर्याने सांगणारी माणसे मी रुग्णालयांच्या बाकांवर इतकी पाहिली आहेत की, कोशकारांनी त्या शब्दाची आता स्वतंत्र नोंद करावयास हरकत नाही. आपल्या गावात, जेथे डॉक्टर आपल्याला आणि आपल्या फाइलीला ओळखतात, तेथे या चुकीने काही बिघडत नाही. परंतु परमुलखात, मध्यरात्री, अनोळखी दवाखान्यात, आपण धड शुद्धीवर नसताना आपल्या सोबत्याने 'यांना सोरायसिस आहे' असे सांगितले, तर समोरचा डॉक्टर कातडीवरचे चट्टे शोधू लागेल, आणि या विकारात फुगणाऱ्या अन्ननलिकेतल्या नसांकडे त्याचे लक्ष वळेपर्यंत जो वेळ जाईल तो भरून काढणे कोणाच्याही हाती राहणार नाही. यास्तव प्रवासाची तयारी तिकिटापासून न आरंभिता आजाराच्या नावापासून आरंभावी.

तहसील कचेरीत तीस वर्षे कारकुनी केलेला आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला मनुष्य कागदाची महती सांगणारच, असे वाचक म्हणतील. त्यांनी खुशाल म्हणावे. डॉक्टरांकडून त्यांच्या छापील कागदावर, सहीशिक्क्यानिशी, एका पानाचा दाखला मागून घ्यावा. त्यात आजाराचे नाव, तो कशामुळे झाला, पोटात पाणी होते काय, नसांना पट्ट्या केव्हा बांधल्या, पूर्वी कधी भ्रम झाला होता काय, आणि कोणत्या औषधांची वावडी आहेत, एवढा तपशील असावा. औषधांची नावे कंपनीने ठेवलेली न लिहिता मूळ द्रव्याची लिहावीत, कारण येथल्या दुकानात मिळणारी नाममुद्रा परदेशातल्या औषधविक्रेत्यास ठाऊक असेलच असे नाही. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन, सोडियम आणि प्लेटलेट यांचे ताजे आकडे सोबत असले म्हणजे नव्या डॉक्टरास 'हे आजचे बिघडले की पूर्वीपासूनच असे आहे' हा पहिला निवाडा करता येतो. या कागदाच्या तीन प्रती कराव्या: एक आपल्या खिशात, एक सोबत्याजवळ, एक मोबाइलमध्ये छायाचित्राच्या रूपाने. औषधे मुक्कामाच्या दिवसांहून निदान आठवडाभर अधिक घ्यावीत, आणि ती बसच्या टपावर किंवा विमानाच्या पोटात जाणाऱ्या पेटीत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावीत. हेपॅटायटिस बीची रोजची गोळी ज्यांना चालू आहे त्यांनी तर याबाबत हयगय करूच नये. ती मध्येच तुटली असता दबलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो, आणि शिणलेल्या यकृतास तो दुसरा हल्ला सोसवेलच याची हमी कोणी देत नाही.

कोणी प्रवासच करू नये, हेही येथेच सांगून टाकतो. नुकतीच रक्ताची उलटी झाली असेल, नसांना पट्ट्या बांधून दोन आठवडेही लोटले नसतील, पोटातले पाणी आटोक्यात येत नसेल, ताप असेल, किंवा झोपेचे घड्याळ उलटून दिवसा पेंग आणि रात्री जागरण असा प्रकार सुरू झाला असेल, तर कार्य कितीही जवळचे असो, जाणे तहकूब करावे. इतरांनी निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे डॉक्टरांची मसलत घ्यावी. लसी घ्यावयाच्या असतील तर त्यांना तेवढा अवधी लागतोच.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे वळतो. माझ्या अनुभवाने यकृताच्या रुग्णाचा प्रवासातला सर्वांत मोठा वैरी म्हणजे भीड. हिला आपल्या पूर्वजांनी भिकेची बहीण ठरविले. रोगाशीही हिचे नाते तितकेच निकटचे आहे.

सात वर्षांपूर्वी मावसभावाच्या मुलीच्या लग्नासाठी आम्ही सिंधुदुर्गात गेलो होतो. रात्रीची बस, अकरा-बारा तासांचा घाटरस्ता, आणि बसमध्ये शौचालय नाही. मला तेव्हा लॅक्ट्युलोजचे पातळ औषध चालू होते. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, आतड्यात तयार होणारा अमोनिया निरोगी यकृत निकालात काढते. सिरॉसिसमध्ये ते काम तुंबते, अमोनिया रक्तावाटे मेंदूपर्यंत जातो आणि बुद्धीवर धुके उतरते. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होईल अशा बेताने हे औषध घ्यावयाचे असते. परंतु दिवसातून तीन वेळा ही गोष्ट घरी जितकी सोपी तितकीच बसमध्ये अशक्य. चालकास गाडी थांबवा म्हणावे कसे, या संकोचापायी मी निघण्याच्या दिवशी औषध टाळले; पोहोचल्यावर लग्नघरी चाळीस माणसांत दोन संडास, म्हणून दुसऱ्या दिवशीही टाळले; आणि तिसऱ्या दिवशी 'आता परत जाईपर्यंत राहू दे' असा निर्णय घेऊन बाटली पिशवीच्या तळाशी गेली. शौच तुंबले, वर लग्नाचे जेवण आणि जागरण.

माझे अक्षर चांगले म्हणून आहेराची यादी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी लिहीत होतो, लोक पाकिटे देत होते, आणि मला सर्व काही यथास्थित चालले आहे असेच वाटत होते. संध्याकाळी माझी पुतणी, जी परिचारिका आहे, हिशेब जुळविण्यास बसली आणि वही घेऊन माझ्यापाशी आली. "काका, ही यादी कोणी लिहिली?" पहिल्या पानावरचे अक्षर माझे होते, चौथ्या पानावर ओळी उताराला लागल्या होत्या, आकड्यांची शून्ये कोठे अधिक कोठे उणी झाली होती, आणि शेवटी एका व्याह्यांचे नाव तीनदा लिहून पुढे रक्कम लिहिलीच नव्हती. तिने मला हात पुढे करून पंजे मागे वळविण्यास सांगितले. ते पाखराच्या पंखांसारखे फडफडू लागले. त्या रात्री मी लग्नमंडपाऐवजी जिल्ह्याच्या गावच्या रुग्णालयात होतो.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा की, प्रवासात एक छोटी वही ठेवावयाची, रोज सकाळी तिच्यात तारीख आणि सही करावयाची, आणि ती सोबत्याने पाहावयाची. मेंदूवर उतरणारे धुके रुग्णास स्वतःला जाणवत नाही, तेव्हा पारख करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे द्यावा लागतो. ज्यांना पूर्वी असा भ्रम होऊन गेला आहे त्यांनी एकट्याने लांबचा प्रवास करू नये, आणि गाडी तर मुळीच चालवू नये.

औषध बंद करण्याला पर्याय आहेत, हे मला नंतर कळले. तीच गोष्ट पोटातल्या पाण्यासाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्यांची. त्या बहुधा सकाळी घेतात. दिवसाचा प्रवास असेल तर त्या मुक्कामी पोहोचल्यावर घेता येतील काय, हे डॉक्टरांना आधी विचारावे आणि त्यांनी ठरवून दिलेली वेळ कागदावर लिहून घ्यावी. शक्य तेथे बसपेक्षा रेल्वे पत्करावी, डब्याच्या टोकाकडील जागा मागावी, आणि बसनेच जाणे भाग असेल तर निघतानाच चालक-वाहकांस 'मला आजार आहे, वाटेत दोनदा थांबावे लागेल' असे स्वच्छ शब्दांत सांगावे. माझ्या पाहण्यात असा एकही वाहक आला नाही ज्याने यावर नकार दिला. ओशाळवाणे तोंड करून घाटात मध्येच उठणाऱ्या उतारूवर मात्र ते चिडतात, आणि त्यात त्यांचे फारसे चुकत नाही.

भिडेचा दुसरा प्रकार पंक्तीत भेटतो. पोटात पाणी होणाऱ्यास दिवसाकाठी सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचाभर मिठाची मर्यादा घालून दिलेली असते; आणि प्रवासातले आपले सारे खाणे, मग ते फरसाण असो, वेफर्स असोत, लोणचे-पापड असो की स्टेशनावरचा वडापाव, मिठाच्या भरवशावरच उभे असते. पोट बिघडले म्हणून घेतले जाणारे फसफसणारे चूर्णही सोडियमने भरलेले असते. येथे एक गैरसमज मुद्दाम दूर केला पाहिजे. सैंधव आणि पादेलोण उपासाला चालत असले तरी यकृताच्या हिशेबी ते मीठच. उलटपक्षी, 'कमी सोडियमचे' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम असते, आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी रक्तातले पोटॅशियम आधीच वाढवीत असते. दोहोंची गाठ पडली तर हृदयाच्या ठोक्यावर बेतू शकते. कोकणात पाहुणचार म्हणून एकामागून एक शहाळी पुढे येतात, त्यांनाही हाच न्याय लागू आहे. लिंबू, कोकम, आले, जिरे, कोथिंबीर यांनी बिनमिठाच्या भाजीस पुष्कळ चव येते. घरून नेलेली बिनमिठाची शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले फुटाणे आणि दशम्या यांच्यावर मी दोन-दोन दिवस काढले आहेत.

मीठ कमी करा याचा अर्थ खाणे कमी करा असा घेऊ नये. पूर्वी या रुग्णांची डाळ, दूध, अंडी बंद करीत. तो दंडक आता मागे पडला आहे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत असे आजचे तज्ज्ञ सांगतात, आणि दही, वरण, मूग, पनीर, अंडी यांपैकी जे मिळेल ते खाण्यास उत्तेजन देतात. त्याहून महत्त्वाचे असे की, सिरॉसिसच्या यकृतात साखरेचा साठा तुटपुंजा असतो. निरोगी माणसाचे शरीर दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर जे करते, म्हणजे स्नायू मोडून गुजराण, ते या रुग्णाचे शरीर एका रात्रीच्या उपासात करू लागते. म्हणून निजण्यापूर्वी काही खावे आणि सकाळी उठताच न्याहारी करावी. रात्रीच्या गाडीत उशाशी खाऊचा डबा असावा. पंढरीच्या वाटेवर निघालेल्या रुग्णांनी आषाढी एकादशीचा कडकडीत उपास न करता विठोबाकडे माफी मागावी; तो समजूतदार दैवत आहे. यजमानांच्या आग्रहाबाबत एवढेच सांगतो की, 'थोडे वाढा' हे वाक्य आपल्या भाषेत नकार म्हणून धरले जात नाही. आधीच फोन करून 'माझी भाजी फोडणीनंतर मीठ घालण्यापूर्वी बाजूला काढा' असे घरच्या बाईंना सांगितले, की त्या ते अगत्याने करतात.

तिसरी भीड लोकापवादाची, आणि हिची झळ मला अधिक लागली. मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. माझ्या यकृताचे नुकसान हेपॅटायटिस बीने केले, आणि दुसऱ्या कित्येकांचे ते मधुमेह व स्थूलतेतून येणाऱ्या चरबीने होते. तरीसुद्धा 'लिव्हर' हा शब्द उच्चारताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत जो एक अर्थ चमकून जातो, तो टाळण्यासाठी माणसे सहप्रवाशांपासून, इतकेच काय विमा कंपनीपासूनही आजार लपवितात. प्रवासविमा घेताना पूर्वीचा आजार दडविला तर ऐनवेळी दावा नामंजूर होतो. तेव्हा खरी कैफियत लिहावी, आणि आजाराचा समावेश करणारी पॉलिसी महाग पडली तरी घ्यावी. ज्यांचा विकार दारूमुळे झाला असेल त्यांना गोव्याच्या सहलीत 'एका पेल्याने काय होते' म्हणणारे मित्र भेटतीलच. त्यांना उत्तर देण्याच्या भानगडीत न पडता सोबत बदलावी. आसवे आणि अरिष्टे यांतही आंबवण्याच्या क्रियेने उत्पन्न झालेला मद्यार्क असतो, हे पुष्कळांच्या गावी नसते.

पाण्याविषयी बोलावयाचे तर १९५५-५६ च्या हिवाळ्यातील दिल्लीची आठवण अजूनही उपयोगी आहे. यमुनेचे पाणी जेथून शहरास घेत, तेथे नाल्याचे मैलापाणी मिसळले, आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या रोगास हेपॅटायटिस ई हे नाव पुढे पुष्कळ वर्षांनी मिळाले. निरोगी मनुष्य या काविळीतून बहुधा आपोआप उठतो; ज्याचे यकृत आधीच जर्जर आहे त्याच्यावर तीच कावीळ प्राणसंकट आणू शकते. हेपॅटायटिस ईची लस आपल्या बाजारात मिळत नाही, तेव्हा उकळलेले किंवा सीलबंद पाणी हाच बंदोबस्त. बर्फ, उसाचा रस, पाणीपुरी, चिरून ठेवलेली फळे यांच्यापासून दूर राहावे. हेपॅटायटिस एची लस मिळते, जिवंत विषाणूची आणि मृत विषाणूची अशा दोन्ही प्रकारची, आणि आपल्याला कोणती चालेल हे डॉक्टर सांगतात. फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसींचीही चौकशी त्याच भेटीत करावी.

समुद्रकाठी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उबदार खाऱ्या पाण्यात, विशेषतः खाडीच्या मुखाशी, व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू असतो. तो कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या कालवांवाटे पोटात जातो किंवा पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. धडधाकट माणसास त्याचा विशेष उपद्रव होत नाही, परंतु सिरॉसिसच्या रुग्णात तो रक्तात पसरून एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. लिंबू पिळून कच्ची कालवे खाण्याची परदेशी रीत काही हॉटेलांतून आता आपल्याकडेही आली आहे, तिच्या वाटेस जाऊ नये. तिसऱ्या, शिनाणे, कालवे घरच्या सुक्क्यात किंवा कालवणात पूर्ण शिजलेली असली तर या जिवाणूची भीती उरत नाही. मग मिठाचा तेवढा विचार करावा. पायावर चीर किंवा फोड असताना खाडीत उतरू नये, आणि खडकांवर तर अनवाणी चालूच नये, कारण तेथे चिकटलेल्या कालवांच्या शिंपा वस्तऱ्यासारख्या कापतात.

वाटेतल्या औषधांच्या दुकानातून मागून घेतलेली गोळी हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. कंबर दुखली, की डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन कोणीही काढून देतो. या गोळ्या सिरॉसिसच्या रुग्णाचे मूत्रपिंड बंद पाडू शकतात आणि फुगलेल्या नसांतून रक्तस्राव घडवू शकतात. पॅरासिटामॉलची लोकांना उगीच अधिक धास्ती वाटते. डॉक्टरांच्या संमतीने, दिवसाकाठी २ ग्रॅमच्या आत, तीच त्यातल्या त्यात सुरक्षित होय. घाट लागतो म्हणून घेतलेली, सर्दीवरची किंवा झोपेची, अशी पेंग आणणारी कोणतीही गोळी टाळावी; तिने मेंदूवरचे धुके दाट होते, आणि आलेली ग्लानी गोळीची की आजाराची हे सोबत्यास उमगत नाही. झाडपाल्याची औषधे निर्धोक असतात हा समजही सोडावा. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर हरकत घेतली. तो वाद ज्याचा त्याने मिटवावा. आपण रुग्णांनी आपल्या यकृतावर त्याचा निकाल लावू नये, हे बरे. वाटेत एखाद्या गावी कावीळ उतरविणारा प्रसिद्ध असतो आणि नातेवाईक तेथे गाडी थांबवितात, तेव्हाही हेच.

उंचीच्या यात्रांविषयी थोडक्यात. अमरनाथची गुहा ३,८०० मीटरहून उंच आहे आणि तेथे जाण्यास आरोग्याचा दाखला सक्तीचा आहे. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून उंच. यकृतविकारामुळे ज्यांच्या फुप्फुसांतही दोष उत्पन्न झाला आहे त्यांना तेथला विरळ प्राणवायू पुरत नाही. ओळखीच्या डॉक्टरकडून उपकारादाखल मिळविलेला दाखला अशा वेळी रुग्णाचाच घात करतो. विमानाच्या आतली हवासुद्धा १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणून ज्यांना चालताना दम लागतो त्यांनी आधी तपासून घ्यावे. लॅक्ट्युलोजची बाटली शंभर मिलिलिटरहून मोठी असेल तर सुरक्षा तपासणीत अडू शकते; डॉक्टरांची चिठ्ठी दाखविली की सोडतात. 'माझे रक्त पातळ आहे, मला गुठळी कशी होईल' असे काही रुग्ण म्हणतात, ते खरे नाही. सिरॉसिसमध्ये रक्तस्राव आणि गुठळी दोन्ही होऊ शकतात, तेव्हा लांबच्या प्रवासात तासा-दीड तासाने उठून चार पावले टाकावीत. ज्यांचे यकृत प्रत्यारोपित आहे आणि जे टॅक्रोलिमस घेतात त्यांनी गोळीच्या वेळा घड्याळाप्रमाणे पाळाव्यात, आणि पपनस व ग्रेपफ्रूट ही फळे खाऊ नयेत, कारण त्यांनी औषधाची रक्तातली पातळी भलतीच चढते. पीतज्वराची लस जिवंत विषाणूची असल्यामुळे त्यांना ती देत नाहीत. आफ्रिकेतल्या वा दक्षिण अमेरिकेतल्या ज्या देशांत तो रोग आहे तेथे जाण्याचा बेत त्यांनी प्रथम डॉक्टरांपुढे ठेवावा.

काही लक्षणे मात्र अशी की, ती दिसल्यावर घरी परतण्याची वाट पाहावयाची नसते. रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, पोटात पाणी असताना आलेला ताप वा पोटदुखी, एकाएकी कमी झालेली लघवी, आणि बोलण्या-वागण्यातली विसंगती यांपैकी एकही आढळले तर जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, देशात कोठेही ११२, आणि धावत्या रेल्वेत १३९ हे क्रमांक सोबत्यास पाठ असावेत. जुलाब लागले तर लघवीच्या गोळ्या आणि लॅक्ट्युलोज चालू ठेवावे की थांबवावे, याचा आदेश निघण्यापूर्वीच लिहून घेतलेला असावा. त्या वेळी फोन लागेलच असे नाही. मुक्काम आठ दिवसांहून अधिक असेल तर दिवसाआड वजन करावे. पूर्वी स्टेशनांवर नाणे टाकून तिकीट देणारे वजनकाटे असत आणि तिकिटाच्या पाठीवर भविष्य छापलेले असे. ते भविष्य कधी खरे ठरले नाही, पण तीन-चार दिवसांत दोन किलो वाढ दिसली तर पोटात पाणी साचत आहे हे भाकीत काटा अचूक करतो.

ती आहेराची यादी पुतणीने झेरॉक्स काढून मला दिली आणि मी ती दाखल्यासोबत त्याच पाकिटात ठेवतो. गेल्या मार्गशीर्षात आम्ही पुन्हा त्याच गावी गेलो. निघताना मी वाहकास आजार सांगितला. त्याने राजापूरच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर गाडी आपण होऊन थांबविली आणि मला हाक मारली. माझ्यामागोमाग आणखी सात उतारू उतरले.